चुकलेलं शून्य

मायक्रोसॉफ्टमध्ये अनेक वर्षं विंडोजवर काम केलेले रेमंड चेन यांनी २००५ साली एक कोडं लिहून ठेवलं आहे. विंडोज कोसळली की त्या क्षणी प्रोसेसर नेमकं काय करत होता याचा अहवाल, वापरणाऱ्याची परवानगी असेल तर, कंपनीकडे जातो. त्या अहवालांत काही नोंदी अशा होत्या की अनुभवी माणसानंही डोकं धरून बसावं. प्रोसेसर अडखळला होता तो ‘एक्सॉर’ नावाच्या अगदी साध्या सूचनेवर. रजिस्टर या प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यातल्या आकड्याची त्याच्याशीच एक्सॉर क्रिया करायची, की तिथे शून्य उरतं. मेमरीतून काही आणायचं नाही, कुठे काही लिहायचं नाही, भागाकार नाही. जिथे चुकायला फटच नाही, तिथे चूक झाली होती.

शोध घेतल्यावर उलगडा झाला. ती यंत्रं कारखान्यानं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळवली जात होती. आणि काही मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. छोट्या दुकानांनी वेग वाढवलेली यंत्रं गिऱ्हाइकाला काही न सांगता विकली होती.

असा वेग वाढवण्याचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचा, विषय निघाला की नवख्याला पहिली भीती घातली जाते ती प्रोसेसर जळण्याची. ही भीती आज बरीचशी जुनी झाली आहे. गेल्या वीसएक वर्षांतले प्रोसेसर ठरावीक तापमान ओलांडलं की आपणहून वेग कमी करतात, आणि तरीही भागलं नाही तर यंत्र बंद करतात. खरा धोका त्या शून्याचा आहे. यंत्र चालू राहतं, पंखे फिरत राहतात, खेळ उघडतो, आणि कुठेतरी एक आकडा चुकतो. तो आकडा खेळातल्या एखाद्या सावलीचा असेल तर कुणाला कळणारही नाही. तो तुमच्या हिशोबाच्या फाइलमधला, लग्नाच्या व्हिडिओतला किंवा बॅकअप घेताना दाबून छोट्या केलेल्या फोल्डरमधला असेल, तर कळेल तेव्हा उशीर झालेला असेल. म्हणून ‘सुरक्षित’ ओव्हरक्लॉकिंगचा अर्थ मी एकच घेतो: वाढवलेल्या वेगातही यंत्राचं प्रत्येक उत्तर बरोबर यायला हवं, आणि ते येतंय हे आपण स्वतः तपासलेलं असायला हवं.

* * *

वेग वाढतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजलं की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुचतात. मदरबोर्डवर एक मूळ ठेका असतो, आजच्या यंत्रांत साधारण १०० मेगाहर्ट्झचा. प्रोसेसर त्याला एका गुणकानं गुणतो. गुणक ४५ असेल तर वेग ४५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४.५ गिगाहर्ट्झ. प्रत्येक ठोक्याला विजेचे संकेत ट्रान्झिस्टरच्या साखळ्यांतून धावतात आणि पुढचा ठोका पडायच्या आत त्यांना आपापल्या जागी स्थिरावायचं असतं. ठोका लवकर पडला तर अर्धवट स्थिरावलेला संकेतच उत्तर म्हणून नोंदला जातो. चेन यांच्या अहवालांतलं शून्य चुकलं ते असं. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर झटपट बदलतात आणि संकेत वेळेत पोचतो. मात्र उष्णताही वाढते. ओव्हरक्लॉकिंगचा सगळा खेळ वेग, व्होल्टेज आणि तापमान या तिघांच्या ओढाताणीत सामावलेला आहे.

मग जास्तीचा वेग शिल्लक राहतो कुठून? एकाच सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो प्रोसेसर तयार होतात आणि त्यांतले दोन तंतोतंत सारखे निघत नाहीत. एकाच बागेतल्या हापूसची प्रतवारी करून पेट्या वेगवेगळ्या भावानं विकाव्यात, तसं कंपन्या चाचणी घेऊन त्यांची वर्गवारी करतात. बाजारात स्वस्त मालाला मागणी जास्त असली की वरच्या प्रतीचे नगही खालच्या नावानं विकले जातात. शिवाय प्रत्येक नगावर कंपनी थोडी मोकळी जागा राखते: खोली तापलेली असेल, वीजपुरवठा यथातथा असेल, प्रोसेसर काही वर्षं वापरून म्हातारा झालेला असेल, तरीही उत्तर बरोबर यावं म्हणून. आपण वेग वाढवतो तेव्हा ही राखीव जागा खर्च करतो, हे विसरू नये.

ही जागा हेरणारे लोक फार पूर्वीपासून आहेत. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या पीसी एटीमध्ये ६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. त्याचा ठेका ठरवणारा स्फटिक उपटून जास्त वेगाचा बसवला की यंत्र ८ मेगाहर्ट्झवर धावायचं. आयबीएमला हे रुचलं नाही. यंत्र सुरू करणाऱ्या बायॉस या प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी वेग तपासणारी पाचर मारून ठेवली.

पण या छंदाला घराघरात नेलं ते १९९८ सालच्या एका स्वस्त प्रोसेसरनं. इंटेलनं त्या वर्षी एप्रिलमध्ये पहिला सेलेरॉन आणला तेव्हा पैसे वाचवण्यासाठी त्यातली दुसऱ्या पातळीची कॅश मेमरी काढूनच टाकली होती. तो रडतखडत चालायचा आणि त्यावर टीकेची झोड उठली. ऑगस्टमध्ये इंटेलनं सेलेरॉन ३००ए आणला. यात १२८ किलोबाइट कॅश होती, पण ती प्रोसेसरच्याच चिपवर आणि प्रोसेसरच्याच पूर्ण वेगानं चालणारी. महागड्या पेंटियम २ मध्ये कॅश ५१२ किलोबाइट असली तरी ती वेगळ्या चिपांवर होती आणि निम्म्या वेगानं चालायची. सेलेरॉनचा गुणक ४.५ वर कायमचा बांधलेला होता आणि मूळ ठेका होता ६६ मेगाहर्ट्झचा. म्हणून वेग ३००.

आता इंटेलच्याच ४४०बीएक्स चिपसेटच्या मदरबोर्डवर हा ठेका १०० करता येत होता, कारण नवे पेंटियम २ त्याच ठेक्यावर चालायचे. शंभराला साडेचारानं गुणा: ४५०. म्हणजे साधारण दीडशे डॉलरचा प्रोसेसर त्या काळच्या सगळ्यात वेगवान पेंटियम २ च्या घड्याळावर धावू लागला, आणि तोही पुष्कळदा व्होल्टेज न वाढवता. अबिट कंपनीच्या बीएच६ या बोर्डावर तर जंपर हलवायचीही गरज नव्हती. ठेका बायॉसच्या पडद्यावरूनच बदलता यायचा. ज्यांच्या बोर्डावर ही सोय नव्हती ते प्रोसेसरच्या कडेवरच्या बी२१ या संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचे आणि बोर्ड स्वतःहून शंभराचा ठेका धरायचा.

हे इतकं सुरळीत का झालं, याचं कारण नवख्यानं मनात पक्कं करून ठेवावं. ठेका शंभर झाला तरी बीएक्स चिपसेट पीसीआय या जोडवाहिनीला त्याचा एक तृतीयांशच वेग द्यायचा, म्हणजे ठरलेले ३३ मेगाहर्ट्झच. साउंड कार्ड, हार्ड डिस्कचा नियंत्रक, सगळे आपापल्या मर्यादेत राहिले. फक्त प्रोसेसर मर्यादेबाहेर गेला, आणि तो त्यासाठी लायक होता. अधलेमधले ठेके निवडणाऱ्यांना हे भाग्य लाभलं नाही. त्यांचं पीसीआयही सोबत पळायचं आणि हार्ड डिस्कवरची माहिती विस्कटायची. एका वेळी एकच गोष्ट मर्यादेबाहेर न्यावी आणि बाकी सारं जागच्या जागी ठेवावं, हा धडा तेव्हापासूनचा.

याच काळात बाजारात काळंबेरंही चाललं होतं. प्रोसेसरवरचा मूळ छाप घासून त्यावर जास्त वेगाचा आकडा छापून विकणाऱ्या टोळ्या होत्या. गुणकाला कुलूप घालण्यामागे इंटेलचं हेही एक कारण होतं. २००० सालच्या सुमारास एएमडीच्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉनवर मात्र असं कुलूप शिसपेन्सिलीनं उघडता यायचं. चिपवरच्या तुटक तांब्याच्या रेघा ग्राफाइटच्या रेघोटीनं जोडल्या की गुणक मोकळा.

* * *

जानेवारी २०११ मध्ये इंटेलचे सँडी ब्रिज पिढीचे प्रोसेसर आले आणि चिकटपट्टीचे, पेन्सिलीचे दिवस संपले. आता मूळ ठेका एकच, १०० मेगाहर्ट्झचा, आणि त्यावरच पीसीआय एक्सप्रेस, हार्ड डिस्क सगळं बांधलेलं. तो पाचदहा टक्के हलवला तरी यंत्र कुरकुरू लागतं. वेग वाढवायचा तर गुणक हवा, आणि मोकळा गुणक फक्त नावात ‘के’ असलेल्या महागड्या प्रोसेसरांना. बोर्डही झेड किंवा पी मालिकेतला लागायचा. एएमडीनं २०१७ च्या रायझनपासून उलट धोरण धरलं: जवळपास सगळ्या प्रोसेसरांचा गुणक मोकळा, आणि ए मालिकेतले स्वस्त बोर्ड सोडले तर बी आणि एक्स मालिकांवर वेग वाढवण्याची मुभा.

हात साफ करायचा असेल तर मी आजही सँडी ब्रिजचा कोअर आय५ २५००के सुचवेन. तो जुन्या बाजारात किरकोळ भावात मिळतो, घरातल्या मुख्य कामाचा नसतो, आणि त्याच्यावर कारणपरिणाम अगदी स्वच्छ दिसतात. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, चारही गाभे (कोअर) कामाला लागले की टर्बो ३.४ पर्यंत जातो. बऱ्या हवाई कूलरवर यातले पुष्कळ नग ४.४ ते ४.५ पर्यंत जात. काम असं करायचं: गुणक ४० वर न्यावा, व्होल्टेज आहे ते राहू द्यावं, चाचणी घ्यावी. पार पडली तर एकेक पायरी वर. चाचणीत चूक निघाली की तिथे थांबून व्होल्टेज एका बारीक पायरीनं, म्हणजे ०.०१ ते ०.०२ व्होल्टनं वाढवावं आणि पुन्हा तपासावं. या पिढीवर १.३५ व्होल्टच्या पलीकडे नवख्यानं जाऊ नये, आणि जोराच्या चाचणीतही तापमान ८० अंशांच्या आसपास राहावं. ज्या पायरीवर एकेका गुणकासाठी व्होल्टेज भसाभसा मागितलं जाऊ लागतं, ती त्या नगाची हद्द. तिथून दोन पायऱ्या खाली उतरून मुक्काम करावा.

हद्द इतकी अचानक का येते, हे एका साध्या सूत्रात दिसतं. प्रोसेसर काम करताना खातो ती वीज ही वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा २५००के १.२ व्होल्टवर ३.४ गिगाहर्ट्झला चालत होता आणि आपण तो १.३५ व्होल्टवर ४.५ ला नेला. वेग वाढला ३२ टक्के. व्होल्टेजचा वर्ग वाढला साधारण २७ टक्के. दोन्हींचा गुणाकार केला तर वीज वाढली ६७ टक्क्यांच्या घरात. ती सगळी उष्णता होऊन हीटसिंकवर येते, मदरबोर्डवरच्या व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर येते, यंत्राला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर येते. शेवटच्या दोनशे मेगाहर्ट्झची किंमत पहिल्या पाचशेपेक्षा जास्त पडते, ती यामुळे.

दीर्घकाळाची किंमत वेगळीच. चिपमधल्या तारा इतक्या बारीक असतात की त्यांतून वाहणारे इलेक्ट्रॉन धातूचे अणू हळूहळू ढकलत नेतात. कुठे पोकळी पडते, कुठे गाठ होते. मोटोरोलाचे जेम्स ब्लॅक यांनी १९६९ साली या झिजेचं समीकरण मांडलं. त्यातून दिसतं ते असं, की तारेतला प्रवाह वाढला तर आयुष्य घटतं, आणि तापमान वाढलं तर ते फारच झपाट्यानं घटतं. २००२ च्या आसपास पेंटियम ४ च्या नॉर्थवूड पिढीला १.७ व्होल्टच्या वर चालवणाऱ्यांनी हे अनुभवलं. काही आठवडे किंवा महिने उत्तम चाललेले प्रोसेसर एके दिवशी उघडेनासे झाले. व्होल्टेजनं केलेला घाव तापमानाच्या काट्यावर दिसत नाही, म्हणून कूलर भारी आहे या भरवशावर व्होल्टेज चढवणं मला सगळ्यात घातक वाटतं.

* * *

आजचा नवा प्रोसेसर घेतलेल्या माणसाला मात्र वेगळी गोष्ट सांगावी लागते. ती राखीव जागा आता कंपनीनं स्वतःच वापरून टाकली आहे. प्रोसेसरच्या आत तापमानाचे, प्रवाहाचे संवेदक असतात आणि सेकंदाच्या अगदी छोट्या भागात तो ठरवतो की या क्षणी किती वर जाता येईल. सगळ्या गाभ्यांचा गुणक बांधून एकच वेग ठोकून देणारा जुना मार्ग इथे पुष्कळदा तोट्याचा ठरतो. सगळे गाभे मिळून थोडे वेगवान होतात, पण एकट्या गाभ्यानं मारलेली उंच उडी हरवते.

उदाहरणासाठी रायझन ५ ५६०० घेऊ. २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेला, सहा गाभ्यांचा, आपल्याकडच्या असेंबल्ड कॉम्प्युटरांत भरपूर बसवला गेलेला. कागदावर ६५ वॅटचा, पण प्रत्यक्षात सॉकेटमधून ७६ वॅटपर्यंत ओढायची त्याला मुभा आहे. वेग ३.५ पासून ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत, तापमानाची कमाल मर्यादा ९० अंश. याला वाढवायचा मार्ग बायॉसमध्ये ‘प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह’ या नावानं असतो. त्यातून विजेची मर्यादा सैल करता येते आणि कमाल वेगाची रेघ २०० मेगाहर्ट्झपर्यंत वर सरकवता येते. त्याच्याच पोटात ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ आहे. प्रोसेसरला कोणत्या वेगाला किती व्होल्टेज लागतं याचा एक आलेख कंपनीनं त्यात भरलेला असतो. तो आलेख प्रत्येक गाभ्यासाठी उणे ३० पर्यंत खाली ओढता येतो. एक अंक म्हणजे सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्ट.

सुरुवात करणाऱ्याला माझा आग्रह हाच राहील: आधी व्होल्टेज कमी करा. त्याच वेगाला कमी व्होल्टेज लागलं की उष्णता कमी होते, आणि उष्णतेत शिल्लक राहिली की प्रोसेसर ती स्वतःहून वेगासाठी वापरतो. आयुष्य झिजत नाही, पंख्याचा आवाज वाढत नाही, आणि झालंच तर यंत्र रीस्टार्ट होतं, यापलीकडे हार्डवेअरला इजा होत नाही. अर्थात चुकीचं उत्तर इथेही येऊ शकतं, म्हणून तपासणीला सुट्टी नाही.

हात घालण्याआधीची तयारी मात्र नीट झाली पाहिजे. सगळ्या फाइलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी. बायॉस अद्ययावत करावा, आणि ते करताना यूपीएस जोडलेला असावा. लेखनाच्या मध्येच वीज गेली तर बोर्ड मुका होऊ शकतो. बोर्डावरचे सीमॉस पुसायचे दोन पिन कुठे आहेत ते कॅबिनेट उघडं असतानाच बघून घ्यावं, कारण यंत्र सुरूच झालं नाही तर तेच तारणहार. आणि काहीही न बदलता यंत्राची मूळ कुंडली मांडावी: एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान, व्होल्टेज, वॅट, सिनेबेंचमधले गुण, खोलीचं तापमान. हे वहीत लिहावं. नंतर तुलना कशाशी करायची, हा प्रश्न मग पडत नाही.

५६०० सोबत येणारा छोटा कूलर मूळ वेगापुरता ठीक आहे. वेग वाढवायचा तर चारसहा हीटपाइपांचा टॉवर कूलर घ्यावा; त्यावरचा खर्च पुढच्या प्रोसेसरलाही उपयोगी पडतो. एसएमपीएसवर कंजुषी करू नये. कुणी नाव न ऐकलेल्या कंपनीचा, वजनाला हलका एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट मिळाला असेल, तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार तिथेच सोडावा.

मग कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या गाभ्यांना उणे १० द्यावं, चाचण्या घ्याव्यात, नंतर पाचपाचानं उतरावं. प्रोसेसरनं स्वतः ‘सर्वोत्तम’ म्हणून खूण केलेले एकदोन गाभे बहुधा सगळ्यात आधी तक्रार करतात, कारण त्यांचा आलेख आधीच काटकसरीचा असतो. त्यांना उणे ५ वर सोडून बाकीचे खाली नेले तरी चालतं. ‘ऑल कोअर उणे ३०, एकदम मस्त’ असं कुणी सांगितलं तर तो त्याच्या नगाचा गुण आहे. तुमच्या नगाचा तुम्हालाच शोधावा लागेल.

* * *

तपासणी हा या सगळ्याचा गाभा आहे, आणि तिथेच लोक घाई करतात. दहा मिनिटं सिनेबेंच चाललं, चला झालं, असं होत नाही.

प्राइम९५ हे साधन ओव्हरक्लॉकिंगसाठी जन्मलेलं नाही. जॉर्ज वॉल्टमन यांनी १९९६ साली सुरू केलेल्या एका उपक्रमात जगभरचे लोक आपापल्या घरच्या यंत्रांवर प्रचंड मोठ्या मर्सेन मूळसंख्या शोधतात. हे त्याचं सॉफ्टवेअर. त्या गणितात आठवडाभराच्या आकडेमोडीत एक बिट चुकली की सगळं वाया. म्हणून हा कार्यक्रम स्वतःच्या आकडेमोडीवर सतत पहारा ठेवतो. उत्तर पूर्णांकाच्या जितकं जवळ यायला हवं तितकं आलं नाही तर तो चूक दाखवून थांबतो. शिवाय कित्येक वर्षं या उपक्रमात प्रत्येक संख्या दुसऱ्या यंत्रावर पुन्हा तपासली जायची, कारण घरगुती यंत्रं चुकतात हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांनी हे साधन उचललं ते यासाठी: ते नुसतं यंत्र तापवत नाही, उत्तर तपासतं.

पण एकट्या प्राइम९५ वर विसंबूनही चालत नाही. ते सगळ्या गाभ्यांना एकदम जुंपतं, तेव्हा प्रोसेसर वेग खाली आणतो. कर्व्ह ऑप्टिमायझरची चूक उघडी पडते ती उलट वेळी, एकच गाभा हलक्या कामासाठी सर्वांत उंच उडी मारतो तेव्हा. रात्रभर कठीण चाचणी पार केलेलं यंत्र सकाळी ब्राउझर उघडताना रीस्टार्ट होतं, त्याचं कारण हेच. कोअरसायकलर नावाचं साधन एकेका गाभ्यावर आळीपाळीनं चाचणी चालवतं. रायझनसाठी मला ते अत्यावश्यक वाटतं. शिवाय ओसीसीटी आहे, आणि रॅमसाठी मेमटेस्ट८६. रॅमला तिच्या प्रमाण वेगापेक्षा जास्त वेगानं चालवणारं एक्सएमपी प्रोफाइल चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच असतं, म्हणून ते आधी चालू करून त्याची स्वतंत्र चाचणी पुरी करावी. नाहीतर चूक प्रोसेसरची की रॅमची हे कळायला मार्ग राहत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाच्या नोंदी आठवड्यातून एकदा पाहाव्यात. यंत्र वरवर धडधाकट असतानाही हार्डवेअरनं पकडलेल्या आणि दुरुस्त केलेल्या चुका तिथे दिसतात. अशी एक नोंद दिसली तरी पाच अंक मागे यावं.

चुकीच्या उत्तराला मी इतकं महत्त्व का देतो, तर त्याची उदाहरणं आता मोठमोठ्या ठिकाणी नोंदली गेली आहेत. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एका सर्व्हरची हकिगत आहे. १.१ चा ५३वा घात काढून त्याचा पूर्णांक घ्यायचा; उत्तर १५६ यायला हवं. त्या प्रोसेसरचा एक विशिष्ट गाभा उत्तर द्यायचा शून्य. त्या उत्तरावरून फाइलीचा आकार शून्य ठरायचा आणि फाइल गाळली जायची. कुठेही धोक्याची सूचना नाही, यंत्र बंद पडणं नाही. तो प्रोसेसर ओव्हरक्लॉकही केलेला नव्हता. दोष त्याच्यातच होता. जे दोषामुळे होऊ शकतं ते मर्यादेबाहेर ढकलल्यानंही होऊ शकतं. त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनीही अशाच गाभ्यांविषयी लिहिलं.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांचं २०२४ मध्ये जे झालं तेही याच जातीचं. खेळ सुरू होताना दाबून ठेवलेली माहिती उलगडताना आकडेमोड चुकायची, आणि पडद्यावर संदेश यायचा की ग्राफिक्स कार्डची मेमरी अपुरी आहे. लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसले. शेवटी इंटेलनं मान्य केलं की जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसरच्या आतल्या घड्याळाच्या मंडलाचीच झीज होत होती. ऑगस्ट २०२४ च्या मायक्रोकोडनं व्होल्टेजवर १.५५ ची मर्यादा घातली, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. ज्यांचं नुकसान झालं त्यांतल्या कितीतरी जणांनी बायॉसला हातही लावलेला नव्हता. व्होल्टेज ठरवलं होतं ते ‘ऑटो’ सेटिंगनं. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये एएमडीच्या ७०००एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर फुगून जळाले, तेव्हाही रॅमचं प्रोफाइल चालू केल्यावर बोर्ड एका वेगळ्या व्होल्टेजला परस्पर वर नेत होते. नंतर त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा आली. म्हणून बोर्डाच्या डब्यावर झळकणारं ‘एका क्लिकमध्ये ओव्हरक्लॉक’ हे बटण मला नवख्यासाठी अजिबात योग्य वाटत नाही. ते बोर्ड कंपनीच्या सोयीनं सढळ व्होल्टेज देतं. वाढवायचंच तर आकडा स्वतः टाइप करावा, आणि तो का टाइप केला हे सांगता यावं.

वॉरंटीचं बोलायचं तर दोन्ही कंपन्यांच्या अटींत मर्यादेबाहेर चालवलेला प्रोसेसर बसत नाही. एएमडीचं स्वतःचं प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हही नाही. इंटेल काही पैसे घेऊन ओव्हरक्लॉकिंगमुळे मेलेला प्रोसेसर एकदा बदलून देण्याची एक योजना २०१२ पासून चालवत असे. ती २०२१ मध्ये बंद झाली.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ साली सुमारे दहा लाख घरगुती यंत्रांच्या बिघाडांचा अभ्यास मांडला, त्यात वेग वाढवलेल्या यंत्रांत प्रोसेसरचे बिघाड कित्येक पट जास्त आढळले, आणि ठरलेल्या वेगापेक्षा किंचित हळू चालवलेली यंत्रं सगळ्यात भरवशाची निघाली. जिथे शोधनिबंधाचा डेटा आहे, जिथे गिऱ्हाइकांचे हिशोब आहेत, तिथे ओव्हरक्लॉकिंग करूच नये, असं माझं ठाम मत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये द्रवरूप हेलियम ओतून कोअर आय९ १३९००के पहिल्यांदा ९ गिगाहर्ट्झच्या पार नेला गेला, त्याचा थरार मोठाच आहे, पण तो काही क्षणांचा पराक्रम. घरच्या यंत्रानं दहा वर्षं बरोबर उत्तरं द्यायची असतात.

* * *

आपल्याकडे नवं यंत्र जोडायचा मुहूर्त बहुधा दसरा-दिवाळीचा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग घेतले जातात, घरी किंवा दुकानात जोडणी होते आणि पुढच्या आठवड्यांत थंडीच्या तोंडावर वेग वाढवून पाहिला जातो. इथेच एक सापळा आहे. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा अमुक अंश वर ठेवतो. खोली जितकी तापेल तितकाच प्रोसेसरही वर जातो. २२ अंशांच्या खोलीत जोराच्या चाचणीत ७२ दाखवणारं यंत्र अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात, खोली ४० वर गेली की, ९० ला टेकेल. ५६०० ची कमाल मर्यादा तीच. म्हणजे हिवाळ्यात कमावलेला वेग उन्हाळ्यात प्रोसेसर आपणहून परत करेल. वरून, तापलेल्या सिलिकॉनला त्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज लागू शकतं. थंडीत पार पडलेली चाचणी उन्हाळ्यात नापास होते ती त्यामुळे. म्हणून हिवाळ्यात बसवलेल्या आकड्यांत उन्हाळ्यासाठी पंधरावीस अंशांची जागा सोडून ठेवावी, आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये जिथे यंत्र स्थिर वाटलं तिथून तीनचार अंक मागे यावं.

दिवाळीत बसवलेलं यंत्र एप्रिल लागला की पुन्हा उघडावं. हीटसिंकच्या पात्यांत आणि पुढच्या जाळीत साचलेली धूळ ब्रशनं काढावी, पंखा बोटानं धरून. ब्लोअरच्या झोतानं भलत्या वेगानं फिरला तर त्याचं बेअरिंग बिघडतं. मग दुपारी, पंखा किंवा एसी बंद असलेल्या खोलीत, कोअरसायकलर सगळ्या गाभ्यांवरून एक पूर्ण फेरी होईपर्यंत चालवावं आणि आकडे वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहावेत. एखाद्या गाभ्यानं चूक दाखवली तर त्या गाभ्याला पाच अंक परत द्यावेत. फेरी पुन्हा लावावी.